विस्तव अंगणांत, ऊब घरांत

त्रिपुरी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस लोटले कीं, गिरणाकांठच्या आमच्या भडगांवीं पहांटेचा वारा अंगास झोंबूं लागतो. खानदेश म्हणजे उन्हाची भट्टी, अशी परप्रांतीयांची समजूत असते, व वैशाखापुरती ती खरीहि आहे. परंतु पौषांत याच प्रांतीं कांहीं रात्रीं पारा १० अंशांखालीं उतरतो, हें बाहेरच्यांस सांगूनहि पटत नाहीं. शिवाय आमच्याकडील जुनीं धाब्याचीं घरें बांधलीं मुळीं उन्हाळ्याच्या धास्तीनें. हात-सव्वा हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि लहान खिडक्या वैशाखांत जो गारवा देतात, तोच पौषांत म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांस व तान्ह्यांच्या छातीस बाधतो. नवीं सिमेंटचीं घरें याहून बरीं आहेत असेंहि नाहीं; तीं दोन्ही ऋतूंत सारखींच उणीं पडतात.

तेव्हां घरांत ऊब आणावयाची ती कशी? मार्ग दोनच आहेत. विस्तवच खोलींत आणून ठेवावा, हा एक. विस्तव बाहेर ठेवून त्याची ऊब तेवढी आंत न्यावी, हा दुसरा. पहिला सोपा व स्वस्त, म्हणून सर्वत्र रूढ आहे. दुसऱ्यास थोडी व्यवस्था लागते. आमच्या घराण्यांतून ही व्यवस्था पिढ्यान् पिढ्या अंगणांत उभी होती, आणि तिचें नांव बंब. अलीकडे हा बंब माळ्यावर तरी गेला आहे किंवा मोडींत तरी गेला आहे. त्याची थोरवी गाण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु त्याच्या जागीं काय आलें, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें एकदां करावा अशी निकड आम्हांस वाटते.

बंब हा शब्द मूळचा आपला नव्हे. पोर्तुगीज भाषेंत ‘बोंबा’ म्हणजे पाणी उपसण्याचें यंत्र. त्यावरून तो मराठींत आला. म्हणूनच आग विझविणारी गाडी हाहि बंब आणि आग पोटांत घेऊन पाणी तापविणारें भांडें हाहि बंब! रचना मात्र मोठी शहाणपणाची आहे. तांब्याचें वा पितळेचें उभें पिंप, त्याच्या मधोमध आरपार गेलेला नळा, नळ्याच्या तळाशीं जाळी, जाळीखालीं राख पडावयाची जागा, आणि नळ्याच्या सभोंवतीं पाणी. चुलीवर हंडा ठेवला असतां ज्वाळा हंड्याच्या बुडास चाटून कडेनें निघून जाते व बरीच उष्णता आकाशास अर्पण होते. बंबांत अग्नि मध्यें व पाणी भोंवतीं असल्यानें ज्वाळेला पाण्यास टाळून जातां येत नाहीं. कांहीं बंबांस खालीं तोटी असते. कांहींस वर नसराळें असतें; त्यांतून थंड पाणी ओतलें म्हणजे तें नळीवाटे तळाशीं जातें, व गरम पाणी हलकें असल्यामुळें वरच्या तोंडांतून तितकेंच बाहेर पडतें. पदार्थविज्ञानाचा हा धडा आम्ही शाळेंत फळ्यावर आकृति काढून शिकवीत असूं. पुण्याच्या तांबट आळींतले कारागीर तो हातोडीनें शिकवीत आले.

उत्तर अमेरिकेंत, जेथें हिंवाळ्यांत तळीं गोठतात, तेथें पुष्कळ खेड्यांतून घरापासून कांहीं अंतरावर एखाद्या खोपटाएवढी लोखंडी भट्टी उभी असते. तींत लांकडाचे ओंडके घालतात, भोंवतालच्या वेष्टणांत पाणी तापतें, तें जमिनीखालून नेलेल्या नळांनीं घरांत शिरतें, खोल्याखोल्यांतून फिरून आपली ऊब देतें आणि थंड होऊन परत भट्टीकडे येतें. म्हणजे हा बंबच; फक्त न्हाणीऐवजीं साऱ्या घरास जोडलेला. आपल्या काश्मीरांत पाण्याऐवजीं दगडी फरशी तापवितात. तेथील हमामाच्या फरशीखालीं पोकळी ठेवलेली असते, तींत लांकडें जाळतात, व तीं घालण्याचें तोंड बाहेरच्या बाजूस असतें. बसणारे आंत, विस्तव खालीं, धूर बाहेर.

आमचे प्राचीन वैद्य या बाबतींत मागें नव्हते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत सहाव्या अध्यायीं हेमंत ऋतूची चर्या सांगतांना उबदार गर्भगृहाचा व जेंताक स्वेदाचा निर्देश आहे, आणि चौदाव्या अध्यायीं त्या जेंताकाचें घर कसें बांधावें याचें वर्णन आहे. घर वाटोळें असावें, त्याच्या मधोमध पुरुषभर उंचीची, बारीक छिद्रांची, झांकण असलेली मातीची भट्टी असावी, तींत खैरासारखें लांकूड पेटवावें, आणि लांकूड नीट जळून धूर नाहींसा झाल्यावरच मनुष्यास आंत घ्यावें, असा त्याचा आशय आहे. हें सर्व सांगणाऱ्या आचार्यांनीं त्या घरास वातायनें अनेक असावींत असेंहि घातलें आहे. आम्ही हा भाग प्रथम वाचला तेव्हां या एका विशेषणाकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें. कारण घाम आणावयाच्या घरास खिडक्या कशाला, असें सहज वाटतें. आज त्या विशेषणाचें मोल कळतें.

तें मोल असें. लांकूड वा कोळसा भरपूर हवेंत जळला तर जो वायु निघतो, तो फारसा घातक नसतो. परंतु हवा अपुरी पडली, विस्तव नुसता धुमसत वा फुलत राहिला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. आपल्या रक्तांत प्राणवायु वाहून नेणारें जें द्रव्य आहे, त्यास हा वायु प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असूनहि शरीराची उपासमार होते. आणि येथें लोकांची मोठी फसगत होते ती अशी कीं, धूर गेला म्हणजे भय गेलें असें ते समजतात. लाल फुललेल्या निखाऱ्यांस धूर नसतो. हा वायु मात्र त्यांतून निघतच असतो. डोळे चुरचुरत नाहींत, खोकला येत नाहीं, उलट गोड गुंगी येते. थंडीच्या दिवसांत उत्तर हिंदुस्थानांतून अंगीठी पेटवून निजलेलीं माणसें सकाळीं न उठल्याच्या वार्ता दर वर्षीं येतात त्या याच कारणानें. २०२० च्या जानेवारींत नेपाळांतील दामन येथें केरळचे आठ प्रवासी, त्यांत चार मुलें, गॅसची शेगडी लावून व दारें-खिडक्या लावून निजले, ते उठले नाहींत.

हें सर्व दूरचें वाटेल. म्हणून घरचें सांगतों. आपल्या कुटुंबांतून बाळंतिणीची खोली ही सर्वांत बंदिस्त खोली असते. खिडकीस गोधडी लावलेली, दारास पडदा, बाजेखालीं शेगडी, तींत ओंवा-शेपा टाकलेल्या, आणि वारा लागूं नये म्हणून सगळ्यांचा पहारा. चार-पांच वर्षांपूर्वीं आमच्या परिचयाच्या एका घरीं लेक पहिल्या बाळंतपणास माहेरीं आलेली होती. पौषाचे दिवस. रोज सकाळीं तिचें डोकें फुटूं लागे, ओकाऱ्या येत. तान्हें सुस्तावलेलें, अंगावर ओढीना. दुपारीं दार उघडें राही तेव्हां दोघेंहि बरीं. कोणी पित्त म्हटलें, कोणी दृष्ट काढली. बाळाचें वजन करावयास आलेली आरोग्यसेविका उंबऱ्यांत क्षणभर उभी राहिली, आणि कांहीं न बोलतां तिनें आधीं गोधडी ओढून खिडकी उघडली व शेगडी उचलून अंगणांत नेली.

“आजी, हिला औषध मागाहून पाहूं, आधीं मोकळी हवा हवी आहे,” ती म्हणाली.

“अहो बाई, ओल्या बाळंतिणीला वारा लागला म्हणजे?” आजींनीं विचारलें.

“वारा तिच्या अंगावर येऊं देऊं नका. पण खोलींतून जाऊं द्या.”

आणि तिनें त्याच घटकेस दोघांना रुग्णालयांत पाठविलें. दोघेंहि सुखरूप परत आलीं. आजींचें वय तेव्हां ऐंशींच्या घरांत. आपलीं स्वतःचीं चार बाळंतपणें त्यांनीं शेगडीवरच काढलेलीं. परंतु तीं झालीं कौलारू घरांत, जेथें फटीफटींतून वारा वाहतो. आणि नातीची खोली नवी, गिलाव्याची, सरकत्या कांचांची. रीत तीच राहिली, घर बदललें. जुन्या रीतीचा दोष काढणाऱ्यांनीं व तिचा हट्ट धरणाऱ्यांनीं, दोघांनींहि, ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

आतां बंबाच्या जागीं काय आलें तें पाहूं. खानदेशांत ऊन मुबलक आहे, म्हणून ज्यांची ऐपत व गच्ची आहे त्यांनीं सौरबंब बसविला आहे, आणि तो उत्तमच. (बंब हा शब्द येथेंहि टिकला, याचा आम्हांस आनंद वाटतो.) विजेवर पाणी तापविणारेंहि पुष्कळ. परंतु बऱ्याच घरांत गॅसचा गीझर आला, आणि तो बसविला कोठें? तर थेट न्हाणीघरांत, जेथें जागा चार हातांची, दार आंतून कडी लावलेलें, आणि वरची झडप थंडीच्या भयानें बंद. अंगणांतला विस्तव, जो वाडवडिलांनीं कधीं न्हाणींत आणला नव्हता, तो आपण सुधारणेच्या नांवाखालीं स्नान करणाऱ्याच्या डोक्याशीं आणून टांगला! गॅस जळतांना न्हाणींतला प्राणवायु संपत जातो व तोच विषारी वायु निघूं लागतो. ज्यांच्या घरीं असा गीझर असेल त्यांनीं तो बाहेरच्या भिंतीवर, गॅलरींत किंवा चौकांत हलवावा, व पाण्याचा नळ तेवढा आंत घ्यावा. खर्च फार नाहीं. तोंवर निदान न्हाणी रिकामी असतां बादल्या भरून घ्याव्यात, गीझर बंद करावा, आणि मग मनुष्यानें आंत जावें.

ज्यांच्याकडे बंब आहे, किंवा माळ्यावरून उतरविण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठीं त्याच्या निगेचें थोडें विस्तारानें सांगतों.

पहिली गोष्ट, बंब उघड्यावर किंवा तीन बाजूंनीं मोकळ्या पडवींत असावा. न्हाणीच्या खिडकीखालीं नसावा, नाहींतर धूर फिरून आंतच येतो. दुसरी, आधीं पाणी व मग विस्तव. हा क्रम मोलकरणीस, मुलांस, नव्या सुनेस, सर्वांस पाठ असावा. रिकाम्या बंबांत जाळ केला तर सांधे उसवतात, आणि तापलेल्या रिकाम्या बंबांत थंड पाणी ओतलें तर उरलेसुरलेहि जातात. मोठ्या कुटुंबांत एकामागून एक स्नानें होतात. तेथें जो बादली काढील त्यानेंच तितकें पाणी वर घालावें, हा नियम चांगला. आणि वाफ जाण्याची वाट कधींहि बुजवूं नये. झांकण घट्ट बसत नाहीं म्हणून वर दगड ठेवण्याची एक खोड असते, ती मोडून काढावी.

सर्पणाविषयीं लोक हलगर्जी करतात. नुकत्याच तोडलेल्या लांकडांत निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचेंच असूं शकतें. तें पाणी वाफ होऊन गेल्याखेरीज लांकूड नीट पेट घेत नाहीं. हिशेब करून पाहावा: एक लिटर पाण्याची वाफ करण्यास जी उष्णता खर्च होते, तींत सुमारें १७ लिटर थंड पाणी स्नानाजोगें ऊन झालें असतें. म्हणजे ओलें लांकूड जाळणारा मनुष्य आपल्या स्नानाचें पाणी धुराबरोबर उडवितो. उन्हाळ्यांत फोडून, आडोशास रचून, पावसापासून राखलेलें बाभळीचें वा बोरीचें लांकूड असलें तर दीड-दोन किलोंत ६० लिटर पाणी तापावें, असा आमचा अदमास आहे. ढलप्या मनगटाहून जाड नसाव्यात. नळा अरुंद असतो, ओंडका कोंबला कीं हवा अडते आणि विस्तव धुमसूं लागतो. नळा नेहमीं अर्धा मोकळा ठेवावा, खालची राख रोज काढावी, म्हणजे ज्वाळा स्वच्छ राहते.

आमच्याकडे कपाशीचें पीक मोठें, म्हणून पऱ्हाटी फुकटांत मिळते व ती सुरेख पेटतेहि. तुराट्याहि तशाच. दोन्ही भर्रकन जळतात, यास्तव पेटवणीस त्या व टिकावास बाभूळ अशी जोडी घालावी. पण पऱ्हाटीचा ढीग घराशीं वर्षभर रचून ठेवण्याची जुनी चाल आतां सोडली पाहिजे. गुलाबी बोंडअळी त्या वाळक्या बोंडांत दडून राहते व पुढच्या पिकावर उतरते. २०१७ सालीं तिनें महाराष्ट्रांत जो कहर केला तो शेतकरी विसरले नाहींत. जी पऱ्हाटी जाळावयाची ती हिंवाळ्यांत व उन्हाळ्यांत जाळून संपवावी. कण्हेरीचीं लांकडें बंबांत कधीं घालूं नयेत. ती वनस्पति विषारी व तिचा धूरहि घातक. रंग दिलेल्या फळ्या, रबराच्या चपला, प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचीहि तीच गोष्ट. आळींत कोणाचा बंब कशावर चालतो तें नाकास सकाळीं सहालाच कळतें!

धुराचा हा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतों. अमेरिकेंतील ज्या भट्ट्यांची आम्हीं वर स्तुति केली, त्यांच्याविषयीं शेजाऱ्यांच्या तक्रारीहि थोड्या नव्हत्या. घर पुरेसें तापलें कीं त्या भट्टीचें हवेचें दार आपोआप मिटतें, ओंडके तासन् तास धुमसत राहतात, आणि धुरांडें ठेंगणें असल्यानें धूर जमिनीसरपट शेजाऱ्याच्या खिडकींत शिरतो. शेवटीं २०१५ सालीं तेथील सरकारनें नव्या भट्ट्यांच्या धुरावर मर्यादा घातली. आमच्या बंबाची मर्यादा त्याच्या स्वरूपांतच आहे, कारण तो तासभर जळतो व विझतो. तरी दाट वस्तींत वर पत्र्याचा भोंगा लावून धूर उंच सोडावा, हें शेजारधर्मास धरून होईल. घरांतील धूर ही लहानसहान गोष्ट नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें चुली-शेगड्यांच्या धुरानें दूषित झालेल्या घरांतल्या हवेमुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष मृत्यु घडले, आणि चुलीशीं बसणाऱ्या स्त्रिया व त्यांच्या कडेवरचीं मुलें यांस ती झळ सर्वांत अधिक लागते.

साफसफाईंत दोन शत्रु ओळखावे. बाहेरून काजळी, आंतून क्षार. नळ्यास काजळीचा थर बसला कीं उष्णता पाण्यास पोंचत नाहीं. म्हणून आठ दिवसांनीं काथ्याच्या लांब कुंच्यानें नळा खरडावा. खानदेशांतील विहिरींचें व कूपनलिकांचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तापतां तापतां त्यांतला चुना भांड्यास आंतून चिकटतो, तोटी बुजते, आणि पूर्वीं जें पाणी अर्ध्या तासांत तापे त्यास पाऊण तास लागतो. गृहिणीस वाटतें सर्पण वाईट आलें! चिंचेचा कोळ किंवा पिळलेल्या लिंबांच्या साली ऊन पाण्यांत घालून रात्रभर ठेवाव्या, सकाळीं ढवळून तें पाणी टाकावें. थर जाड असेल तर दोन-तीनदां करावें. खंगाळलेलें पाणी स्वच्छ येईपर्यंत तें अंगावर घेऊं नये. ठोकून थर काढण्याचा मोह टाळावा. पाझर दिसला तर घरीं मेण वा डांबर न लावतां तांबटाकडे द्यावा. आणि राख! ती वरून गार व आंतून दुसऱ्या दिवसापर्यंत जिवंत असते. कडब्याच्या गंजीजवळ ती टाकूं नये. पत्र्याच्या डब्यांत दोन दिवस ठेवून मग उकिरड्यावर वा परसांतल्या केळींस घालावी.

आतां ही बंबांतली ऊब आंत कशी न्यावी? पाणी हें उष्णता सांठविणारें उत्तम वाहन आहे. विटेच्या वजनाच्या मानानें तें जवळजवळ पांचपट उष्णता धरतें. निजण्यापूर्वीं रबराच्या पिशवींत ऊन पाणी भरावें, बूच घट्ट लावावें, पिशवी फडक्यांत गुंडाळून गोधडींत पायांशीं ठेवावी. म्हाताऱ्या माणसाची रात्र त्यांत निभावते. बाळंतिणीच्या कंबरेस शेक द्यावयाचा तो याच पिशवीनें द्यावा. बाळाचें अंथरूण पिशवीनें आधीं ऊन करावें, पण बाळास निजवितांना पिशवी काढून घ्यावी. कोंवळी कातडी चटकन पोळते. तान्ह्यास ऊब देण्याचा याहून सरस उपाय आज डॉक्टर सांगतात, तो म्हणजे मातेनें त्यास उघड्या छातीशीं धरून वरून दोघांस पांघरूण घ्यावें. ओंवा-शेपांची धुरी ज्यांना द्यावयाचीच असेल त्यांस आमचें सांगणें इतकेंच कीं, माय-लेकरांस दुसऱ्या खोलींत बसवून, दार-खिडकी उघडी ठेवून ती द्यावी, व शेगडी बाहेर काढून खोली मोकळी झाल्यावर त्यांस आंत न्यावें.

एवढें करूनहि कोणास बंद खोलींत शेगडीपाशीं वा न्हाणींत भोवळ आली, डोकें धरलें, ओकारी झाली, तर कांदा हुंगविणें, ताक पाजणें यांत वेळ दवडूं नये. आधीं दारें उघडून त्यास मोकळ्या हवेंत आणावें, विस्तव विझवावा, व १०८ क्रमांकावर दूरध्वनि करून रुग्णवाहिका बोलवावी. प्राणवायु देण्याची सोय रुग्णालयांतच असते. आंत जाणाऱ्यानें श्वास रोखून जावें व तेथें रेंगाळूं नये.

रथसप्तमी झाली कीं आमच्याकडे थंडीचा जोर ओसरतो. त्या सुमारास बंब पूर्ण रिकामा करावा, तोटी उघडी ठेवून दोन दिवस उन्हांत वाळवावा, बाहेरून चिंच-मीठ लावून घासावा, आणि नळ्याच्या दोन्ही तोंडांस चिंध्यांचे बोळे घालून पडवींत उपडा ठेवावा. नाहींतर पावसाळ्यांत त्यांत विंचू घर करतात.